चार कॅमेरे आणि साडेपाच तास

शनिवार सकाळ. चहाचा दुसरा कप झालाय आणि टेबलावर समोर एक हिरवं कार्ड पडलंय. पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं, मागच्या पट्टीला चार बीएनसी तोंडं असलेलं व्हिडिओ कॅप्चर कार्ड. बायको म्हणते, हा भंगार टाकून दे. मी टाकत नाही. का टाकत नाही, ते आज लिहितो. बरेच दिवस लिहायचं होतं, पण त्यात माझीच चूक कबूल करावी लागते म्हणून टाळत होतो.

माझं आजोळ सानगडीचं. पुण्यात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "सांगली का?" नाही हो, सानगडी! भंडारा जिल्हा, साकोली तालुका. नागपूरहून रायपूरकडे निघालं की हमरस्त्यावर साकोली लागतं, तिथून आत वळायचं. जुना किल्ला आहे, तळी आहेत, आणि बाकी जिकडे बघाल तिकडे धान. मामांची तिथे छोटीशी राईस मिल आहे. दिवाळीच्या आसपास नवं धान यायला लागतं आणि मिलमध्ये इतका कोंडा उडतो की संध्याकाळपर्यंत माणूस पांढरा होतो.

या मिलमध्ये मामांनी २०१० साली चार कॅमेरे बसवले. गेट, यंत्रं, गोडाऊन आणि ऑफिस. तेव्हा रेकॉर्डिंगचा वेगळा डबा महाग वाटला, आणि मामेभावाचा पीसी घरी धूळ खात पडला होता. तालुक्यातल्या दुकानदाराने त्या पीसीतच हे कार्ड खोचून दिलं, विंडोज एक्सपीवर सॉफ्टवेअर टाकून दिलं, आणि मामांचा झाला डीव्हीआर. मी तेव्हा सातवीत होतो. एकाच पडद्यावर चार चौकोनांत चार जागा दिसतात, हे बघून मला जे वाटलं होतं ते नंतर कुठल्याही कॉम्प्युटरने वाटायला लावलं नाही. इंजिनिअरिंगला जाण्यामागे त्या पडद्याचा थोडा हात आहे. :)

मोठा झाल्यावर कळलं की त्या चार चौकोनांत बरीच लबाडी आहे. कॅमेऱ्यातून येणारा सिग्नल जुन्या टीव्हीचाच, पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ फ्रेमचा. कार्डावरची चिप तो सिग्नल आकड्यांत बदलते आणि पीसीआय बसवरून मेमरीत ढकलते. आमच्या कार्डावर कोनेक्झंटची फ्यूजन ८७८ए आहे. जुने लिनक्सवाले तिला बीटी ८७८ म्हणून ओळखतात, कारण मूळ घराणं ब्रुकट्रीचं. आता गंमत अशी, की मागे तोंडं चार असली तरी चिप एकच. म्हणजे एकशिक्षकी शाळा. मास्तर एक, वर्ग चार, आळीपाळीने प्रत्येक वर्गात डोकावायचं. २५ भागिले ४ म्हणजे कागदावर सव्वासहा फ्रेम. त्यातून दर वेळी नव्या कॅमेऱ्याशी ताल जुळवण्यात जाणारा वेळ वजा करा. म्हणून अशा रेकॉर्डिंगमध्ये माणसं चालत नाहीत, उड्या मारतात. एका फ्रेममध्ये कट्टा जमिनीवर, पुढच्या फ्रेममध्ये खांद्यावर. मधलं काही नाही.

साठवणीचंही तसंच. प्रत्येक कॅमेऱ्याला सेकंदाला ५१२ किलोबिट धरले तर एका दिवसाचे साडेपाच जीबी होतात, चारांचे बावीस. १६० जीबीची डिस्क सात दिवसांत भरते, आणि मग जुन्यावर नवं लिहिणं सुरू. दुकानदाराने मामांना "महिनाभराचं राहते" असं सांगितलेलं. तेरा वर्षांत कुणी आठव्या दिवसाचं रेकॉर्डिंग मागितलंच नाही, म्हणून ते खरंही वाटत राहिलं.

आता मुद्द्यावर येतो.

२०२३ च्या गणपतीत मी सानगडीला गेलो होतो. गोडाऊनचा कॅमेरा काळा पडला होता. घरात आयटीवाला आला की त्याच्याकडून मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं दुरुस्त करून घ्यायचं, हा नियम तुमच्याकडेही असणारच. मी बाह्या सरसावल्या.

पहिली युक्ती सोपी. गोडाऊनची केबल काढून गेटच्या तोंडाला लावली, गेटची गोडाऊनच्या. काळा चौकोन केबलबरोबर सरकला, म्हणजे कार्ड ठीक, दोष कॅमेऱ्याच्या बाजूला. तिथे मीटर लावला तर १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधून जेमतेम सात येत होते. अडॅप्टर बदलला, चित्र आलं. जाता जाता केबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली कोंड्याची गादी तयार झालेली. ब्रशने काढली. कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसल्या. हार्ड डिस्क मधूनच कुरकुर करत होती म्हणून पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, मोबाईलचं इंटरनेट जोडलं, एक छोटं टूल उतरवून डिस्कची तब्येत पाहिली. बरी होती. परत विंडोज सुरू केली. चारही चौकोन झकास! मामी म्हणाल्या, "आता कसं टीव्हीसारखं दिसते." मी मोदक हाणले आणि पुण्याला परतलो.

त्या दिवशी मी सगळं तपासलं, फक्त एक गोष्ट सोडून. चित्राच्या कोपऱ्यात बारीक पिवळ्या अक्षरांत जी वेळ येते, ती वाचली नाही.

दिवाळीत, धनत्रयोदशीच्या दिवशी परत पोचलो तर घरात नेहमीचा गलका नव्हता. मिलमध्ये मुनीमजींनी मोजदाद केली होती आणि तांदळाचे पाच कट्टे कमी भरले होते. मामांनी रेकॉर्डिंग पाहिलं. सोमवारी सकाळी ८ वाजून ३८ मिनिटांनी, मिल सुरू व्हायच्या आधी, आमचे जुने हमालकाका गोडाऊनमधून एकेक करून पाच कट्टे बाहेर नेताना स्पष्ट दिसत होते. गोडाऊनची चाबी त्यांच्याकडेच असायची. सकाळी येऊन झाडलोट तेच करायचे. माझ्या जन्माच्या आधीपासून त्या मिलमध्ये.

मामांनी जाब विचारला तेव्हा काका म्हणाले, "सकारी मी फकत झाडू मारलो जी. पाच कट्टे मी दुपारी काढलो, तुमीच फोन करून सांगतलं." मामांनी मग त्याच दिवसाचं दुपारी दोनचं रेकॉर्डिंग लावलं. गोडाऊन बंद, आत चिटपाखरू नाही. झालं! मामांच्या दृष्टीने प्रकरण संपलं. सकाळी नेताना दिसतो, दुपारी दिसत नाही, आणि वर म्हणतो दुपारी नेले. "कॅमेऱ्यात दिसून राहिला ना," मामा मला म्हणाले, "कॅमेरा कायले खोटं बोलते?"

काका दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नव्हते. मामा पोलिसात जाणार नव्हते, पण गावात बातमी पसरायला पोलीस लागत नाहीत.

मी बघतो म्हटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की चोरी झालीच असणार. मला फक्त फाईल पेन ड्राइव्हवर काढून द्यायची होती. ते प्लेबॅक सॉफ्टवेअर एका वेळी एकच कॅमेरा दाखवतं. मामांनी फक्त गोडाऊन पाहिलं होतं. मी सवयीने गेटचा कॅमेराही लावला, तोच सोमवार, तीच दुपारी दोनची वेळ.

गेटवर मिट्ट काळोख.

आधी वाटलं कॅमेरा गेला. मग रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, दिवा लावून. मी रेकॉर्डिंग मागे नेत गेलो. पडद्यावरच्या घड्याळात बारा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात सूर्य मावळत होता. मोबाईल काढला. मोबाईलमध्ये संध्याकाळचे ७ वाजून ५ मिनिटं. कॉम्प्युटरमध्ये दुपारचे १ वाजून ३५. फरक बरोबर साडेपाच तास.

कुठल्याही भारतीय प्रोग्रॅमरला साडेपाच हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी तो सांगेल की हे काय आहे. ग्रिनिचच्या वेळेपेक्षा आपण तेवढे पुढे आहोत. तासा-दोन तासांचा फरक असता तर मी सेलवर ढकललं असतं. बरोबर साडेपाच म्हणजे कुणीतरी केलंय. आणि त्या कॉम्प्युटरला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता.

झालं होतं ते असं. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, बटन सेलवर चालणारं, पीसी बंद असतानाही टिकटिक करणारं. त्यात फक्त आकडे असतात. ते आकडे कुठल्या देशाच्या वेळेचे, हे तिथे लिहिलेलं नसतं. विंडोज धरून चालते की ही स्थानिक वेळ. लिनक्स सहसा धरून चालतं की ही जागतिक वेळ, यूटीसी. गणपतीत मी मोबाईलचं इंटरनेट जोडलं तेव्हा लिनक्सने नेटवरून अचूक वेळ घेतली आणि शहाण्या मुलासारखी ती यूटीसीत त्या घड्याळात लिहून ठेवली. नंतर विंडोज उठली, तिने ते आकडे भारतीय वेळ समजून वाचले, आणि मिल साडेपाच तास मागे गेली. घरच्या-ऑफिसच्या मशीनवर इंटरनेट असतं, म्हणून अशी चूक थोड्या वेळात आपोआप सुधारते. मिलच्या पीसीला इंटरनेट कधी जोडलंच नव्हतं. सॉफ्टवेअर पूर्ण पडदा व्यापून बसलेलं, त्यामुळे खालचं विंडोजचं घड्याळही झाकलेलं. जवळजवळ दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणजे पडद्यावरचे सकाळचे ८:३८ हे खरे दुपारचे २:०८. आणि मामांनी 'दुपारी दोनचं' म्हणून पाहिलेलं बंद गोडाऊन हे संध्याकाळी साडेसातचं. मामांच्या मोबाईलमधली कॉल्सची यादी काढली. सोमवारी दुपारी २ वाजून २ मिनिटांनी हमालकाकांना फोन. मामा त्या दिवशी साकोलीला होते, एका लग्नघराला पाच कट्टे पाठवायचे होते, त्यांनी थेट काकांना सांगितलं. मामांना वाटलं मुनीमजींनी वहीत लिहिलं असेल, मुनीमजींना कुणी सांगितलंच नव्हतं. वहीतली नोंद राहिलेली आणि कॅमेऱ्यातली वेळ चुकलेली. दोन चुका एकमेकींना दुजोरा देत उभ्या, आणि मधे एक माणूस खरं बोलत होता.

तर सांगायचा मुद्दा असा. पीसीवरचा रेकॉर्डर बिघडला की आपण सगळे चित्र बघतो. काळं आहे का, पट्टे पडतात का, थरथरतंय का. या तक्रारींवरचे उपाय आता कुणीही सांगेल. आडवे पट्टे हळूहळू वर सरकत असतील तर कॅमेरा आणि पीसी यांच्या अर्थिंगमध्ये फरक आहे. चित्र गोल गोल फिरत असेल किंवा रंग उडाला असेल तर सेटिंगमध्ये पालऐवजी एनटीएससी झालंय का पाहा. कार्डच दिसत नसेल तर स्लॉट बदला, पट्ट्या पुसा, ड्रायव्हर परत टाका. पीसी आपोआप बंद पडत असेल तर एसएमपीएस आणि मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर पाहा. हे सगळं बरोबर आहे आणि हे सगळं मी त्या गणपतीत केलंच होतं. पण हे चित्र दुरुस्त करणं झालं. मामांनी कॅमेरे चित्रासाठी घेतले नव्हते. नोंदीसाठी घेतले होते. चित्र आता काय चाललंय ते दाखवतं. नोंद नंतर, भांडण झाल्यावर लागते. आणि नोंदीत दोनच गोष्टी लागतात. ती परत पाहता आली पाहिजे, आणि ती केव्हाची हे खरं कळलं पाहिजे.

म्हणून माझं मत असं की आपला तपासणीचा क्रमच उलटा आहे. आधी घड्याळ, मग प्लेबॅक, आणि चित्र सगळ्यात शेवटी. चित्र गेलं की पाच मिनिटांत कुणीतरी ओरडतं. घड्याळ चुकलं की कुणी ओरडत नाही. प्लेबॅकचंही तेच. जुन्या पद्धतीच्या एव्हीआय फाईलमध्ये कुठलं दृश्य कुठे आहे याची अनुक्रमणिका फाईल बंद होताना शेवटी लिहिली जाते. मधेच लाईट गेली की ती लिहायची राहते, आणि दोन तासांची फाईल डिस्कवर असूनही उघडत नाही. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसताना, युपीएसशिवाय असा रेकॉर्डर चालवणं म्हणजे पावती पुस्तक पावसात ठेवणं. आणि वरचा लाल दिवा तर लुकलुकत असतोच.

कुणी म्हणेल, एका मिलच्या पाच कट्ट्यांवरून इतकं काय. तर दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं, आणि ते सगळ्या देशाच्या कायद्याच्या वर्गात शिकवलं जातं. जालना विधानसभा मतदारसंघ, २०१४ ची निवडणूक. अर्जुन खोतकर विजयी, कैलास गोरंट्याल पराभूत. वाद असा, की २७ सप्टेंबर २०१४ या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या मुदतीच्या आत उमेदवारी अर्ज निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडला होता का? त्या कार्यालयाच्या आत-बाहेर कॅमेरे चालू होते. म्हणजे मतदारसंघाचा आमदार कोण, हा प्रश्न रेकॉर्डिंगमधल्या वेळेवर येऊन थांबला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळलं. त्याच निकालात न्यायालयाने पक्कं सांगितलं, की मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, नाहीतर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे प्रमाणपत्र हवंच.

आता ते कलम काय म्हणतं ते मजेशीर आहे. इतर अटींबरोबर त्यात अशी अट आहे की त्या काळात कॉम्प्युटर नीट चालत असला पाहिजे, किंवा नीट चालत नसलाच तर त्याचा नोंदीच्या अचूकपणावर परिणाम झालेला नसला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तिथे हे कलम ६३ झालं, प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही आली, आणि फाईलचं हॅश मूल्य लिहिणंही आलं. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा, एक बिट बदलला तरी ठसा बदलतो.

पण एक ध्यानात घ्या. हॅश एवढंच सांगतं की कॉपी केल्यानंतर फाईल बदललेली नाही. फाईल जन्मतानाच साडेपाच तास चुकलेली असेल तर हॅश त्या चुकीचाही इमानदारीने ठसा घेतं. मामांनी मला त्या सोमवारची फाईल काढून दे म्हटलं असतं आणि मी न बघता हॅशसकट काढून दिली असती, तर एक तांत्रिकदृष्ट्या निर्दोष, खोटा पुरावा तयार झाला असता. माझ्या सहीने. हे वाक्य लिहिताना आजही कसंतरी होतं.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशातल्या सगळ्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवायचा आदेश दिला. रेकॉर्डिंग १८ महिने टिकलं पाहिजे, तशी यंत्रणा बाजारात नसेल तर निदान एक वर्ष. मला त्यातला सगळ्यात शहाणा भाग हा वाटतो की कॅमेरे चालू ठेवणं, देखभाल आणि रेकॉर्डिंग यांची जबाबदारी ठाणेदारावर टाकली आहे. बिघाड झाला की लगेच जिल्हा समितीला कळवायचं, तेही त्यानेच. 'संबंधितांनी लक्ष द्यावे' असं नाही. एक माणूस, त्याचं पद. आदेश प्रत्यक्षात किती पाळला जातो हा वेगळा विषय, पण विचार बरोबर आहे. ज्या यंत्राला मालक असतो पण राखणदार नसतो, ते यंत्र चुकलं तरी कुणाला कळत नाही. आमच्या मिलमध्ये मामा मालक होते, दुकानदार बसवून गेला होता, मी सहा महिन्यांतून एकदा येणारा हौशी डॉक्टर. रोज त्या घड्याळाकडे बघणं हे कुणाचंच काम नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, ही जुन्या कार्डांची रडकथा झाली. आता सगळीकडे नेटवर्क कॅमेरे आणि एनव्हीआर आलेत, ते वेळ नेटवरून घेतात. घेतात, जर इंटरनेट जोडलेलं असेल तर. आणि टाइम झोन बरोबर असेल तर. मी चीनहून आलेले असे डबे पाहिलेत जे डब्यातून काढल्यावर बीजिंगच्या वेळेवर चालतात, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आतला सेल संपला की लाईट जाऊन आल्यावर तारीख थेट कारखान्यातल्या दिवसावर जाते. डिस्क मरते आणि पडद्यावर जिवंत चित्र सुंदर दिसत राहतं. कार्ड गेलं, दुखणं तेच.

उलट बाजूही मांडतो, नाहीतर मत अर्धवट राहील. कॅमेरे काढून टाका असं मी म्हणत नाही. हमालकाकांना शेवटी सोडवलं ते त्याच रेकॉर्डिंगने. गेटवरचा काळोख त्या डिस्कवर नसता तर मामांच्या फोनमधली ती नोंदही 'फोन केला असेल, पण माल सकाळीच गेला' म्हणून उडवली गेली असती. नोंद चांगलीच. फक्त नोंदीला साक्षीदार माना, न्यायाधीश मानू नका. साक्षीदाराची उलटतपासणी होते. त्याचा चष्मा बरोबर आहे का, घड्याळ बरोबर आहे का, तो तेव्हा तिथेच होता का, हे विचारतात. आपण माणसाला हे सगळं विचारतो. यंत्राला एकही प्रश्न विचारत नाही. वीस-पंचवीस वर्षं चाबी सांभाळणाऱ्या माणसाच्या शब्दापुढे आपण कोपऱ्यातले चार पिवळे आकडे मोठे मानले, आणि त्या आकड्यांची चौकशी करायला तर मोबाईल खिशातून काढण्याइतकेच कष्ट होते.

त्या रात्रीच मी आणि मामा काकांच्या घरी गेलो. मामांनी सरळ सांगितलं, चुकलं. मी सांगितलं, घड्याळ माझ्यामुळे चुकलं. साडेपाच तास, लिनक्स, यूटीसी हे सगळं समजावण्याचा प्रयत्न केला आणि अर्ध्यातच थांबलो. त्यांच्या बायकोने काळा चहा दिला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मसीन चुकते बाबू, मानूस चुकते. पन मालक एक डाव फोन खोलून पाहते तं झालं असतं."

पाडव्यानंतर ते कामावर आले. आल्या आल्या गोडाऊनची चाबी मामांच्या टेबलावर ठेवली. "हे आता तुमच्यापासीच राहू द्या जी." मामांनी दोनदा परत दिली, त्यांनी दोनदा परत ठेवली.

२०२४ च्या उन्हाळ्यात ते कार्ड निवृत्त झालं, नवा डबा आला. मी त्यात इंटरनेट जोडलं, टाइम झोन लावला, युपीएस दिला. आणि एक कागद मॉनिटरला चिकटवला, मामांच्या अक्षरात:

रोज सकाळी – पडद्यावरची वेळ मोबाईलशी ताडून पाहणे.
दर सोमवारी – मागच्या सोमवारचं पाच मिनिटं चालवून पाहणे. चारही कॅमेरे.
कुणावर आळ घेण्याआधी – वरची दोन्ही कामं परत करणे.

खाली मुनीमजींची सही असते, तारखेसकट. त्यांनी आजवर दोनदा घड्याळ चुकलेलं पकडलंय, एकदा लाईट जाऊन आल्यावर आणि एकदा मीच दुरून सेटिंग बदलल्यावर. :)

तुमच्या दुकानात, सोसायटीत, शाळेत कॅमेरे असतील तर आज एवढंच करा. पडद्यावरची वेळ आणि मोबाईलमधली वेळ शेजारी शेजारी धरून बघा. अर्धा मिनिट लागतो.

काका अजून मिलमध्येच आहेत. झाडलोट आता मुनीमजी आल्यावर होते, कारण गोडाऊन त्यांनी उघडायचं असतं. चाबी ऑफिसातल्या खिळ्याला टांगलेली असते, चौथ्या कॅमेऱ्यात बरोबर मधोमध दिसते. मी गेलो की नजर तिकडे जातेच.

असो. चहा गार झाला. कार्ड परत खणात ठेवतो.